बुडालेली गाडी रोज घरी येते

"माझे यजमान गेले, राव. पण त्यांची गाडी रोज तिन्हीसांजेला घरी येते."

सुचेता माटे हे इतक्या शांतपणे बोलल्या की दत्ताच्या अंगावर सर्रकन काटा आला. सरकारी कारखान्यात हयात घालवलेला दत्ता दिवसाउजेडी भुतंखेतं मानत नसे. पण बाहेर आता ऊन कलायला लागलं होतं.

नरसिंहराव जागचे हलले नाहीत. तीन पिढ्यांचे बंगळूरकर, ठोकलेल्या गाड्या विमा कंपन्यांसाठी तपासण्यात केस पांढरे झालेले. आता खासगी तपास करत आणि दत्ताला मित्र म्हणून सोबत नेत. "सरी, बरं," ते म्हणाले, "पहिल्यापासून सांगा, अक्का."

रत्नाकर माटे एका प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ. जर्मनीहून परतताना त्यांनी तिकडची एक ऐटदार गाडी आणली होती, स्पोर्ट बनावटीची. आषाढात ती हेब्बाळच्या तळ्यात सापडली. नंबर तोच, मागचा 'स्पोर्ट'चा बिल्ला तोच. दार उघडं, आणि आत कुणी नाही. जलपर्णीखाली प्रेतही मिळालं नाही.

"पोलीस म्हणाले, जीव दिला," सुचेताबाई म्हणाल्या. "प्रयोगशाळेतल्या एका यंत्राच्या चाचणीत मानसिंग नावाचा तंत्रज्ञ दगावला होता. यंत्र सुरक्षित आहे अशी सही ह्यांची. चौकशी चालली होती, ती मग मिटली."

"आणि गाडी येते ती कशी?"

"आमच्या गल्लीत हंप आहे, गतिरोधक. ह्यांची गाडी बुटकी, पोट घासायचंच. घर्र वाजलं की मी कॉफी ठेवायचे. अजून तसंच वाजतं. धावत फाटकाशी जाते तर नुसता पेट्रोलचा वास. दीर म्हणतात, भास होतात. सोमवारी मला वेड्यांच्या इस्पितळात ठेवणार आहेत. मी वेडी झालेय का, तेवढंच सांगा."

येलहंक्यातली ती गल्ली पुढे बंद होती. दोन्हीकडे मोकळे प्लॉट, निलगिरीची झाडं आणि टोकाला माट्यांचं एकटं घर. हवा पडलेली असताना झाडं सळसळत होती, ते दत्ताला बिलकूल आवडलं नाही.

नरसिंहराव हंपवर चक्क उकिडवे बसले. डांबरावर ताजे, चकाकते ओरखडे होते.

"लॉरीचे असतील," दत्ता म्हणाला.

"लॉरीचं पोट एवढं खाली कुठे असतं रे?"

दिवाणखान्यात सुचेताबाईंनी कपाटातून फोटो काढून दाखवला: मागच्या दसऱ्याचा. स्टीअरिंगच्या तिन्ही दांड्यांना झेंडू गुंडाळलेला, समोरची डॅशबोर्डची पट्टी काळी कुळकुळीत, चाकाचा वरचा काठ मडगार्डमध्ये बुडालेला, चाकांखाली लिंबं.

"ही इथली रीत," सुचेताबाई म्हणाल्या. "गाडी फाटकाकडे तोंड करून उभी करायची आणि लिंबांवरून पुढे घ्यायची. शेजारी सांगायचे, आयुधपूजा नवमीला असते, आदल्या दिवशी करा. हे ऐकायचे नाहीत. आमचा मान दसऱ्याचा, म्हणायचे."

दीर ध्रुव गेल्या दिवाळीनंतरच नागपूरहून आला होता, संगणकाच्या नोकरीसाठी. दिसायला धीट, पण हंपचं नाव काढताच त्याचा चेहरा उतरला.

"यंदा दसऱ्याच्या सकाळी तिथे लिंबं चिरडलेली होती, राव, रस अजून ओला, आमच्या फाटकाच्या दिशेला उडालेला. कुंकू होतं. करणी आहे ही! वहिनीला तर मी ते दाखवलंसुद्धा नाही. लांबूनच पाणी मारलं."

"चिरडलेली? मग ती चाकाखालची नसतील?"

"चाकाखाली लिंबू कशाला ठेवतील? आमच्याकडे दसऱ्याला गाडीला हार घालतात, की झालं." त्याचे डोळे भरले. "मला वहिनीला घालवून द्यायचं नाहीये. पण ती अंधारात त्या गाडीमागे धावते. एक दिवस जिवाला मुकेल."

महादेवपुऱ्यात जुन्या परदेशी गाड्या विकणारा, माट्यांच्या ओळखीचा फत्तेसिंग भारी गप्पिष्ट निघाला. दुकानासमोर फोडलेल्या कोहळ्याचा कुंकवाने लाल झालेला डाग होता.

"नवमीला सगळ्या गाड्यांची पूजा केली, साहेब. लिंबं, कोहळा, सगळं! दुसऱ्या दिवशी सहकुटुंब म्हैसूरला. स्पोर्ट का साधी, गिऱ्हाईक कुठे बघतं? मागे बिल्ला दिसला की खूश!"

"माट्यांसारखीच, पण साधी, अशी एखादी होती का?"

फत्तेसिंगची टकळी एकदम थांबली. "होती. विकली," एवढंच तो म्हणाला.

तळ्यातून काढलेली गाडी पोलीस ठाण्याच्या आवारात उभी होती. आत गाळ, वाळलेल्या वेली आणि कुजका वास. दत्ताने लांबूनच नमस्कार केला. नरसिंहरावांनी चाक आणि मडगार्ड यांच्यात मूठ घातली. ती सहज गेली. स्टीअरिंगच्या चार दांड्या त्यांनी पुसल्या, समोरच्या फुगलेल्या लाकडी पट्टीवरून बोट फिरवलं. चासी नंबराची पट्टी गळून पडली होती, आणि नंबरप्लेट जुळल्यावर पुढे बघायची तसदी कुणी घेतली नव्हती.

रविवारी तिन्हीसांजेला माट्यांच्या दिवाणखान्यात दिवा न लावता चौघं बसले.

"अक्का, तुम्ही ठणठणीत शहाण्या आहात," नरसिंहराव म्हणाले. "तळ्यातली गाडी तुमची नव्हेच. तिला लाकडी पट्टी, चार दांड्यांचं स्टीअरिंग, आणि ती उंच. ती साधी गाडी. स्पोर्ट बुटकी असते, तिला तीन दांड्या आणि काळी पट्टी, फोटोत बघा. तुमची नंबरप्लेट आणि बिल्ला त्या साध्या गाडीवर चढवला, आणि ती तळ्यात ढकलली. तुमची गाडी अजून फिरते. हंपला घासते ती तीच."

"फत्तेसिंगच तो चोर!" दत्ता ओरडला.

"स्वल्प थांब. चोर गाडी घेऊन मालकाच्या बंद गल्लीत रोज कशाला येईल? आता लिंबं बघ. फत्तेसिंगला लिंबं ठाऊक, पण त्याची पूजा नवमीची, आणि दसऱ्याला तो गावात नव्हता. ध्रुवला दसरा ठाऊक, पण लिंबं बघून तो घाबरला. रीत इथली आणि दिवस तिकडचा, शिवाय तोंड ह्याच फाटकाकडे. अशी पूजा करणारा माणूस एकच होता."

ध्रुवचा चेहरा पांढरा पडला. "दादा?"

"चौकशी टाळायला मरावं लागलं. फत्तेसिंगकडून साधी गाडी घेतली ती बुडवायला. स्वतःची बुडवायला मन धजलं नाही. घरही सुटलं नाही."

बाहेर निलगिरी सळसळली, आणि मग गल्लीत तो आवाज आला. घर्र.

दत्ताने खुर्चीचे हात गच्च धरले. सुचेताबाई उठल्या आणि ह्या वेळी धावल्या नाहीत. सावकाश चालत त्या गाडीपाशी गेल्या. दिवे बंद होते. काच खाली आली, आत दाढी वाढलेला रत्नाकर.

"सुचे," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "लांबून तुला बघायचो. तेवढंच."

"मला वेडी म्हणत होते. मीही म्हणत होते." त्यांनी आत हात घालून किल्ली काढून घेतली. "मानसिंगची बायको दाराशी येऊन रडली होती. तिला काय सांगू, हे मी रोज ह्या गाडीला विचारत होते. तुम्ही भूत असतात, तर मी घरात घेतलं असतं."

त्याने मान खाली घातली. सुचेताबाई घराकडे वळल्या.

"ध्रुवभावजी, पोलिसांना फोन लावा. मी बोलते."