चौदा किलोची सायकल

निघताना सायकल नऊ किलोची होती. चिखलातून एकच फेरी मारून परत आली, तेव्हा काट्याने चौदा किलो दाखवले.

निलाक्षी घुगेने सायकल उतरवून पुन्हा काट्यावर ठेवली. चौदाच. पुढचे चाक तर हाताने ढकलूनही फिरत नव्हते.

"पाच किलो काळी माती," खटपट्या म्हणाला. खटपट्या हा सावरवाडीच्या सायकल मंडळाचा दुरुस्ती करणारा यंत्रमानव. त्याला चार हात होते आणि त्यातला एक सदा तेलाने माखलेला असे. "धुऊन देऊ?"

"दे. रुखसानाची किती भरली रे?"

"साडेतेरा."

म्हणजे रुखसानाचीही तीच गत होती. निलूला जरा बरे वाटले, आणि बरे वाटले याची थोडी लाजही वाटली. रुखसाना पठाण तिची पहिलीपासूनची मैत्रीण. दोघी दोन वर्षे सायक्लोक्रॉसचा सराव करत होत्या (सायक्लोक्रॉस म्हणजे रस्ता सोडून शेतातून, चिखलातून सायकल हाकायची, आणि जिथे चालवता येत नाही तिथे ती खांद्यावर घेऊन पळायची, अशी शर्यत). आजवरच्या सहाही शर्यतींत रुखसाना पहिली आली होती आणि निलू दुसरी. आता आठ दिवसांवर विभागाची शर्यत होती. जी पहिली येईल तिला राज्याच्या शिबिरात जागा मिळणार होती. जागा एकच.

निलू घरी आली ती थेट नानांकडे गेली. नाना, म्हणजे तिच्या आईचे वडील, निवृत्त मृदाशास्त्रज्ञ होते (मृदाशास्त्रज्ञ म्हणजे मातीचा अभ्यास करणारा). चाळीस वर्षे ते गावोगाव खड्डे खणून माती तपासत हिंडले होते.

"नाना, चिखल चाकाला इतका का चिकटतो? मागच्या वर्षी नदीच्या वाळूत सराव केला, तेव्हा तर काहीच चिकटलं नव्हतं."

नानांनी काचेच्या दोन पट्ट्या आणल्या, एका पट्टीवर पाण्याचा थेंब टाकला आणि दुसरी तिच्यावर ठेवली. "ओढ आता."

निलूने ओढून पाहिले. पट्ट्या एकमेकींवरून घसरत होत्या, पण सुटत नव्हत्या.

"वाळूचा कण गोलसर असतो. आपल्या काळ्या मातीचा कण या काचेसारखा चपटा, आणि इतका बारीक की साध्या डोळ्यांना दिसतही नाही. दोन चपट्या कणांमध्ये पाण्याचा पातळ थर बसला की ते असे धरून राहतात. आता सांग, खूप पाणी घातलं तर?"

निलूने पट्ट्या बादलीत बुडवल्या. त्या अलगद सुट्या झाल्या.

"म्हणजे भर पावसात चिखल वाहून जाईल," ती सावकाश म्हणाली, "आणि पाऊस थांबून ऊन पडलं की जास्त चिकटेल!"

"शाबास. शर्यतीच्या आधी दोन दिवस उघडीप आहे म्हणतात. म्हणजे सगळ्यात वाईट चिखल तुमच्या वाट्याला येणार."

दुसऱ्या दिवशी दोघे मंडळात गेले. निलूच्या मनाशी उपाय ठरला होता: रुंद टायर घालायचा. बैलगाडीचे चाक रुतते, ट्रॅक्टरचे रुंद चाक रुतत नाही, मग सायकलला तोच नियम नको का?

"घालून बघ ना," नाना म्हणाले.

खटपट्याने चाळीस मिलिमीटरचा टायर चढवला. नानांनी पट्टी लावून चिमटा मोजला (चिमटा म्हणजे पुढच्या चाकाला दोन्ही बाजूंनी धरणारा भाग). आतली जागा पन्नास मिलिमीटर होती.

"मग दोन्ही बाजूंना किती उरलं?"

"पाच-पाच." निलूने मधल्या फटीत बोट घालून पाहिले. गेले नाही. "म्हणजे पाच मिलिमीटर चिखल साचला की चाक अडकणार!"

"आणि तेहतीसचा टायर घातला तर?"

"साडेआठ. पण नाना, बारीक टायर रुतेल ना?"

"हवा तेवढीच ठेवलीस तर रुतेल." नानांनी गेरू कालवून टायरला फासला, आलेखाचा कागद जमिनीवर पसरला आणि निलूला सायकलवर बसवून चाक अलगद कागदावर टेकवले. कागदावर टायरचा लालसर ठसा उमटला. निलूने चौकटी मोजल्या. नऊ चौरस सेंटिमीटर.

"तू पंचेचाळीस किलोची, सायकल नऊ किलोची. दोन्ही चाकांवर सारखाच भार धरला, तर एका चाकावर सत्तावीस किलो. टायरमध्ये हवेचा दाब तीन आहे, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला तीन किलो भार ती हवा पेलते. सत्तावीस भागिले तीन?"

"नऊ! ठशाएवढेच."

"आता दाब निम्मा कर."

खटपट्याने हवा दीडवर आणली. नवा ठसा लांबट, जवळजवळ दुप्पट मोठा आला. निलूने मोजायच्या आधीच वहीत अठरा लिहिले होते. चौकटी मोजल्या तर साडेसतरा भरल्या.

"टायरचं रबरही थोडा भार उचलतं, म्हणून हा फरक," नाना म्हणाले. "ठसा मोठा, तर भार पसरतो आणि चाक कमी रुततं. शिवाय मऊ टायर जमिनीच्या उंचसखल भागांना बिलगतो, म्हणून पकडही चांगली मिळते. मात्र हवा फारच काढलीस, तर दगडावर चाकाची कडा आपटेल, आणि वळणावर टायर कडेवरून सुटेल."

मग त्यांनी टायरच्या नक्षीकडे बोट दाखवले. मंडळाच्या टायरवर बारीक, दाटीने बसलेले दात होते आणि त्यांच्यामध्ये माती ठासून बसली होती. खटपट्याने मांडणीवरून दुसरा टायर काढला. त्याचे दात उंच होते आणि मोकळे, दूरदूर बसवलेले. तो चढवून, चिखल फासून चाक वेगाने फिरवताच दातांमधली माती बाहेर फेकली गेली. खटपट्याच्या छातीवर शिंतोडे उडाले आणि निलू हसत सुटली.

संध्याकाळी तिने तीच फेरी पुन्हा मारली. तेहतीसचा टायर, मोकळे दात, दीडचा दाब. काट्याने साडेदहा दाखवले.

"जमलं!" नाना म्हणाले. "रुखसाना बेटालाही सांग हं. बिचारी काल काठीने चिखल खरवडत बसली होती."

"सांगते," निलू म्हणाली.

नाना पुढे निघून गेले. खटपट्याने तिच्या सायकलची ही जुळणी (टायर, दात, दाब) नोंदवली आणि नेहमीच्या सपाट आवाजात विचारले, "मंडळाच्या नियमाप्रमाणे ज्याची जुळणी, त्याने ठरवायचं. ही फलकावर लावू का?"

फलक समोरच होता. सकाळी रुखसाना तिथूनच जाणार. निलूला सहा दुसरे क्रमांक आठवले. प्रत्येक वेळी रुखसाना पुढे आणि तिच्या पाठीवर चाकाने उडवलेली चिखलाची रेघ.

"नको," ती म्हणाली. "शर्यतीनंतर."

आठवडाभर रुखसाना रोज भेटली. एकदा तिने स्वतःहून विचारले, "तुझा टायर बदललास का गं?" निलू म्हणाली, "जुना फाटला होता." हे खोटे तोंडातून इतक्या सहज निघाले की तिलाच आश्चर्य वाटले.

शर्यतीच्या दिवशी लख्ख ऊन पडले होते. चिखल पुरणासारखा घट्ट झाला होता. पहिल्या फेरीत रुखसाना पुढे होती. दुसऱ्या फेरीत ती ओढ्याच्या काठी उतरून चिमट्यातला चिखल बोटांनी उकरताना दिसली. निलू शेजारून निघून गेली.

"निलू! तुझ्या चाकाला कसा चिकटत नाही गं?" रुखसाना मागून ओरडली. तिच्या आवाजात राग नव्हता. उत्तर मिळेल अशी खात्री होती.

निलूने पायडल मारणे थांबवले नाही.

तिसऱ्या फेरीत मागे पडलेली रुखसाना जिवाच्या आकांताने अंतर कापत आली. निलूला तिचा श्वास ऐकू येऊ लागला. समोर ओढ्याचा उतार होता. निलू खाली पोचली, आणि मागे चाक अडल्याचा कर्कश आवाज झाला, मग काहीतरी जड आपटल्याचा. निलूने मागे वळून पाहिले. रुखसाना सायकलवरून पुढे फेकली गेली होती आणि एका हाताने दुसरा खांदा धरून चिखलात बसली होती. स्वयंसेवक तिच्याकडे धावत होते.

आहेत की माणसं तिच्याजवळ, असे निलूने मनाला सांगितले आणि ती पुढे गेली. ती पहिली आली.

रुखसानाचे खांद्याजवळचे हासळीचे हाड मोडले होते. चार दिवसांनी ती हात गळ्यात बांधून, अम्मीबरोबर सायकल न्यायला मंडळात आली. निलू आणि नाना तिथेच होते. रुखसानाने चाक फिरवून पाहिले. मग ती यंत्रमानवाकडे वळली.

"खटपट्या, माझं चाक का अडकलं रे?"

"तू चाळीसचा रुंद टायर चढवून घेतला होतास. दात दाट, फट पाच मिलिमीटर. त्या चिखलात अडकण्याची शक्यता खूप होती."

"तुला हे आधी माहीत होतं?"

"हो. निलाक्षीने शर्यतीच्या आठवडाभर आधी शोधून काढलं. सांगण्याची परवानगी नव्हती."

यंत्रमानवाने जे खरे ते सांगितले. रुखसानाने निलूकडे पाहिले.

"मी तुला ओरडून विचारलं होतं," ती म्हणाली.

निलूला म्हणायचे होते की तू सहा वेळा जिंकलीस. म्हणायचे होते की तू पडशील हे मला माहीत नव्हते. पण चाक अडकेल हे तर तिला माहीत होतेच. मग अडकलेले चाक उतारावर काय करते, हे कळायला कुठले शास्त्र हवे होते?

"चल बेटा," अम्मी म्हणाली. आजवर तिने निलूला जेवल्याशिवाय घरातून जाऊ दिले नव्हते. आज तिने निलूकडे पाहिलेही नाही.

घरी येताना फाटकाशी नाना म्हणाले, "तू 'सांगते' म्हणाली होतीस. मी विसरून गेलो, कारण मला वाटलं तू सांगितलंसच." आणि थोड्या वेळाने, "चाळीस वर्षं मी मातीचे निकाल गावोगाव भिंतींवर चिकटवत फिरलो, निलू. कुणी वाचायचं, कुणी नाही. पण कुणी विचारलं आणि मी लपवलं, असं झालं नाही."

ते ओरडले असते तर बरे झाले असते. दोन दिवसांनी निलूने ब्रेकविषयी काही विचारले, तेव्हा नाना म्हणाले, "पुस्तकात बघ." असे ते तिला कधीच म्हणाले नव्हते.

शिबिर तीन आठवड्यांचे होते. निलू गेली, शिकली, परत आली. कौतुक करणारे पुष्कळ भेटले. ज्या एका मुलीला सगळे सांगावेसे वाटत होते, ती फोन उचलत नव्हती. परत आल्यावर निलूने आपली वही, ठशांचे कागद, काचेच्या पट्ट्यांचा प्रयोग, सगळे मंडळाच्या फलकावर लावले. वर लिहिले, "हे मला शर्यतीच्या आधी माहीत होतं." ते वाक्य लिहायला तिला अख्खी दुपार लागली. लहान मुले ते वाचून तिच्याकडे टकमक बघत. एकदोघांनी सरळ विचारले, "मग सांगितलं का नाहीस?" ती म्हणाली, "मला जिंकायचं होतं." याहून बरे उत्तर तिला सापडले नाही.

दिवाळीनंतर कालव्याला पाणी सुटले आणि कडेच्या पडीक रानात पुन्हा चिखल झाला. त्या सकाळी रुखसाना आली. खांदा सांधला होता, पण सायकल उचलताना ती अजून कळवळत होती. फलकासमोर ती पुष्कळ वेळ उभी राहिली. मग निलूशी एक शब्दही न बोलता तिने टायर बदलून घेतला, दीडचा दाब भरला आणि रानात गेली. परत आली ती कपाळाला आठ्या घालून. गेरू मागून घेतला, कागद पसरला, ठसा घेतला, चौकटी मोजल्या आणि बोटांवर काहीतरी हिशेब केला.

"हा आकडा चुकला आहे," ती फलकाकडे बघत म्हणाली.

निलू पुढे आली. "कसा?"

"तू पंचेचाळीसची आहेस. मी छत्तीसची. सायकल धरून एका चाकावर साडेबावीस किलो. दीडच्या दाबाला माझा ठसा पंधराच येतो. तुझ्यासारखा अठरा हवा असेल, तर साडेबावीस भागिले अठरा." ती थांबली. "सव्वा."

निलूने मनात भागाकार करून पाहिला. बरोबर होता. इतके दिवस फलकावर जो आकडा सर्वांसाठी म्हणून लटकत होता, तो फक्त तिच्या एकटीच्या वजनाचा होता, आणि हे तिच्या ध्यानातही आले नव्हते.

"मग प्रत्येकाचा वेगळा काढायला हवा," ती म्हणाली.

"हवाच." रुखसानाने लहान मुलांना हाक मारली. "ए, सगळे इकडे या. एकेक जण काट्यावर उभे राहा."

मुले ढकलाढकली करत रांगेत लागली. दाराशी नाना येऊन उभे होते. खिशातून चष्मा काढून त्यांनी तो डोळ्यांवर चढवला आणि ठशाचा कागद उजेडात धरला.

पहिला मुलगा काट्यावर चढला. रुखसानाने खडू उचलला, क्षणभर हातात धरला आणि निलूकडे न बघताच तिच्यापुढे केला.

"मी सांगते," ती म्हणाली. "तू लिही."