नितळ पाण्यातलं विष

पाणी इतकं नितळ होतं, की टाकीत पाणी आहे की नाही असा प्रश्न पडावा. तरीही त्यात दुसरा मासा मेला होता.

ऊर्वीने जाळीने तो अलगद वर काढला. बोटाच्या पेराएवढा जीव. निळंशार अंग आता राखेसारखं झालेलं. उरलेला तिसरा मासा पाण्याच्या वरच्या थराशी येऊन भराभर तोंड उघडत-मिटत होता.

"खारू, पुन्हा एकदा मोज," ती म्हणाली.

खारू हा टाकीच्या काठावर बसवलेला छोटासा यंत्रमानव. त्याने आपला चिमुकला हात पाण्यात बुडवला. "क्षारता (पाण्यात किती मीठ विरघळलं आहे त्याचं प्रमाण) योग्य. तापमान योग्य. पाणी पूर्ण पारदर्शक."

"मग मासे का मरतायत?"

"माझ्या मोजमापात त्याचं कारण नाही," खारू म्हणाला.

हे मासे दुकानातून आणलेले नव्हते. मालवणजवळचा समुद्र गेले काही उन्हाळे सतत तापत होता. तिथलं प्रवाळ (समुद्रात दगडासारखी घरं बांधणारे इवलेसे प्राणी) पांढरं पडून मेलं आणि त्याच्या फटींत राहणारे निळे डॅम्सल मासे दिसेनासे झाले. ऊर्वीचे आजोबा, डॉ. जयवंत केळुसकर, समुद्र-संशोधन केंद्रात शास्त्रज्ञ होते. शेवटी सापडलेल्या डॅम्सलची पिल्लं त्यांनी तिथे वाढवली. मग केंद्रच बंद पडलं. तेव्हा आजोबांनी मासे ओळखीच्या घरांमध्ये वाटले, सोबत केंद्रातले थोडे दगड आणि पाणी गाळायचे स्पंज दिले. ऊर्वीच्या वाट्याला तीन मासे आले. मग समुद्रातल्या त्या प्रवाळाच्या खडकाजवळ अजून एखादा मासा उरला आहे का, हे पाहायला आजोबा स्वतः होडीने गेले.

त्या दुपारी ते परत आले. चेहरा उन्हाने करपला होता.

"सापडला का एखादा?" ऊर्वीने दारातच विचारलं.

आजोबांनी मान हलवली. "सगळा खडक पालथा घातला, बाय. एकही नाही."

ऊर्वी बाजूला झाली. आजोबांना टाकी दिसली. ते जवळ गेले, वाकले आणि बराच वेळ पाहत राहिले.

"हे दगड मी दिले तेव्हा तपकिरी होते ना?"

"त्यांच्यावर घाण होती, आजोबा. बुळबुळीत. मी ते उकळत्या पाण्यातून काढले. स्पंजसुद्धा रोज नळाखाली धुते. माशांना स्वच्छ घर मिळावं म्हणून."

आजोबा मटकन खुर्चीत बसले. ते रागावले नाहीत, आणि त्यामुळेच ऊर्वीला जास्त भीती वाटली.

त्यांनी पिशवीतून कागदाची एक पट्टी काढून पाण्यात बुडवली. पिवळी पट्टी बघता बघता गडद हिरवी झाली.

"हा अमोनिया. माशाने खाल्लेल्या अन्नातून त्याच्या शरीरात तयार होणारं विष. बरंचसं कल्ल्यांमधून (मासा ज्यांनी श्वास घेतो ते अवयव) बाहेर पडतं, आणि थोडं विष्ठा व न खाल्लेलं अन्न पाण्यात कुजून तयार होतं. पाण्यात ते साचलं की कल्ले भाजून निघतात. मासा वर येऊन धापा टाकतो, तो यामुळे."

"पण पाणी तर स्वच्छ दिसतंय!"

"साखर विरघळल्यावर ती दिसते का? हेही तसंच."

ऊर्वी विचारात पडली. "मग समुद्रात मासे कसे जगतात? तेही खातातच की."

"समुद्र अफाट आहे, आणि तिथे हे विष खाणारेही असतात. जिवाणू (डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म जीव). एका प्रकारचे जिवाणू अमोनियापासून नायट्राइट बनवतात. तेही विषारीच. पण मग दुसऱ्या प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, आणि ते माशांना बरंच सोसतं. थोडं थोडं पाणी बदललं की तेही कमी होतं. हे जिवाणू पाण्यात मोकळे फारसे राहत नाहीत. दगडांवर, वाळूत, स्पंजमध्ये चिकटून राहतात."

ऊर्वीने दगडांकडे पाहिलं. लख्ख घासलेले, पांढरे दगड.

"म्हणजे त्या बुळबुळीत थरात..."

"हो. त्यातच राहत होते ते."

दोघांनी घाईघाईने नवं खारं पाणी कालवलं. ते टाकीतल्या पाण्याइतकंच कोमट झाल्यावर अर्ध्या टाकीचं पाणी बदललं, म्हणजे विष तेवढंच पातळ होणार. संध्याकाळी मासा दोन वेळा दगडाभोवती फिरला. ऊर्वीने श्वास रोखून पाहिलं. पण त्याचे कल्ले आधीच भाजले होते. सकाळी तो वाळूवर आडवा पडलेला सापडला.

"मी मारलं त्यांना," ऊर्वी म्हणाली. तिला रडूही येत नव्हतं.

"तुझ्या हातून मेले, हे खरं," आजोबा म्हणाले. "पण जिवाणूंचं मी तुला सांगायला हवं होतं. मीठ सांगितलं, तापमान सांगितलं, आणि हेच राहिलं."

ते टाकीपाशीच बसून राहिले. आयुष्यभर समुद्र अभ्यासलेला माणूस इतका थकलेला तिने कधी पाहिला नव्हता.

"खारू, टाकी रिकामी कर," ऊर्वी म्हणाली.

"थांब." आजोबांनी हात वर केला. "वेंगुर्ल्याच्या मेस्त्रीकाकूंना दिलेली जोडी अजून जिवंत आहे. मादीने अंडी घातली आहेत. नर पंखांनी त्यांच्यावर ताजं पाणी ढकलतोय, जवळ येईल त्याच्या अंगावर धावतोय. जगली तर पिल्लांना जागा लागेल. जगतीलच, असं मी म्हणत नाही."

ऊर्वी हळूच म्हणाली, "काकूंच्या टाकीतल्या स्पंजमध्ये जिवाणू असतील ना? त्याचा तुकडा आणला तर?"

"आणता येईल. पण मासा नसलेल्या टाकीत त्या जिवाणूंना अमोनिया कुठून मिळणार?"

"मी रोज चिमूटभर खाणं टाकीन. ते कुजेल, त्यातून अमोनिया होईल, आणि जिवाणू तो खातील."

आजोबांनी तिच्याकडे पाहिलं आणि फक्त मान डोलावली.

स्पंज आला. ऊर्वी रोज शाळेत जाण्याआधी मासे नसलेल्या टाकीत खाणं टाकू लागली. तेव्हा तिचा हात दर वेळी जरासा थांबायचा. कुणी धावत येत नसे. खाणं वाळूवर बसायचं आणि कुजायचं. पट्टी हिरवीच येत राहिली. मग एकदा ती किंचित फिकी आली. दगडांवर तपकिरी डाग धरू लागले. ते पुसायला ऊर्वीचे हात शिवशिवत, पण तिने एकालाही बोट लावलं नाही.

काही आठवड्यांनी, एका सुट्टीच्या दुपारी मेस्त्रीकाकूंचा फोन आला. पुष्कळशी पिल्लं दगावली होती, पण मूठभर पिल्लं वाढली होती आणि खायला लागली होती.

"त्यातली चार तुला देते गं," काकू म्हणाल्या. "उद्याच घेऊन जा. माझ्याकडे दाटी झालीय, एकमेकांना चावतायत."

फोन तसाच धरून ऊर्वी टाकीपाशी गेली आणि तिने पाण्यात पट्टी बुडवली. आजोबा खुर्चीतून पाहत होते. पट्टी पिवळी होती, जवळजवळ पिवळी. कडेला हिरवट झाक होती, आणि नायट्राइटची दुसरी पट्टी अजून गुलाबी येत होती, म्हणजे तेही विष शिल्लक होतं.

"उद्या नको, काकू," ती म्हणाली. "माझं पाणी अजून तयार नाही. होईल तेव्हा मीच येईन."