हितसंबंध

"दार लावा आधी. थंडी काय झाडाला लागते?"

मी त्याच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. शीतगृहाच्या भल्यामोठ्या दारात एक उंच माणूस मान वर करून छताचे पंखे बघत उभा होता आणि त्याच्या पाठीमागून आमची गार हवा खुशाल बाहेर चालली होती. अंगात कुणाचं तरी उसनं जाकीट, बाह्या कोपराच्या जरा खाली संपलेल्या. मला वाटलं, दुरुस्ती विभागात नवीन कोणीतरी आलंय. त्यानं निमूटपणे दार लावलं, पण आतून. मग आम्ही दोघंच, चहूबाजूंना सफरचंदांच्या पेट्या आणि तोंडातून वाफा.

"विजेच्या बिलाची फार काळजी दिसते तुम्हाला," तो म्हणाला.

"बिलाची नाही, पृथ्वीची." म्हटलं आणि जीभ चावली. असली वाक्यं भाषणात बरी वाटतात, कुणाच्या तोंडावर नाही.

तो हसला नाही, एवढे उपकार केले. "मग जमेल आपलं. मी तुमच्या अहवालाची पडताळणी करायला आलोय."

आता माझं काम सांगायला हवं. आमची कंपनी शीतगृहं चालवते. फळं, भाज्या, औषधं थंड ठेवते आणि त्या नादात बाहेरची हवा तापवते. ती किती तापवते याचा हिशेब मांडायचा आणि दरवर्षी तो कमी करून दाखवायचा, ही माझी नोकरी. यंदा कंपनीनं 'शाश्वतता प्रमुख' असं नवं पद काढलं होतं, थेट संचालकांच्या टेबलाशी खुर्ची असलेलं. त्यासाठी दोन नावं होती. एक माझं आणि दुसरं आमच्या प्रसिद्धीप्रमुखांचं. पर्यावरण म्हणजे वेष्टनावरचं हिरवं पान, एवढीच त्यांची समज. मला ती खुर्ची हवी होती. खोटं कशाला बोलू, मिरवायलाही हवी होती. पण त्या खुर्चीत बसलं की जुनी गळकी यंत्रं बदलायचा निर्णय माझा असणार होता. आजवर मी नुसतं सुचवत आले होते, आणि ते सगळं पालथ्या घड्यावर पाणी. वार्षिक बैठकीत त्रयस्थ माणसानं तपासलेला अहवाल मांडायचा आणि त्यावर निवड व्हायची. म्हणजे माझं घोडं गंगेत न्हाणार की नाही, हे या उसन्या जाकिटाच्या हातात होतं.

आम्ही बाहेर उन्हात आलो आणि त्याच्या चष्म्यावर धुकं चढलं. तो जागच्या जागी थांबला. "मला काही म्हणजे काही दिसत नाहीये," तो शांतपणे म्हणाला, जसं काही रोजचंच आहे. मी त्याचं कोपर धरून त्याला पायऱ्यांवरून उतरवलं.

"आत्ताच आकडे दाखवते," मी म्हटलं. "याच्याइतकी चांगली वेळ पुन्हा यायची नाही."

"दाखवा. पण मला पाठ करायची सवय आहे."

कोपर जरा उशिराच सोडलं मी. ते त्याच्याही लक्षात आलं असावं, कारण चष्मा स्वच्छ झाल्यावरही तो बराच वेळ पुसत राहिला.

तो रोज यायला लागला. स्वतःचा थर्मास घेऊन यायचा आणि आमच्याकडचा चहा हात न लावता परत करायचा, त्यामुळे ऑफिसात त्याचं नाव 'थर्मासराव' पडलं. मला त्याचा राग यायचा. आमचा चहा काय विषारी आहे, असं एकदा तोंडावर विचारलंच. ज्यांची तपासणी करायची त्यांचं काही घ्यायचं नाही, असा नियम आहे, असं तो म्हणाला. मग थर्मासचं झाकण उघडलं, त्यात चहा ओतला आणि माझ्यापुढे सरकवला.

"घ्यायचा नाही, असा नियम आहे," तो म्हणाला. "द्यायचा नाही, असा कुठे आहे?"

चहात साखर जास्त होती. मी सगळा प्यायले.

त्या दिवसापासून माझं मन काही थाऱ्यावर राहीना. खुर्चीत बसवेना, उभं राहवेना. गाडीचा आवाज आला की खिडकीशी जायचं, आणि तो नसला की उगाच शिपायावर डाफरायचं. बाहेर कोरडा वारा सुटला होता, दिवसभर पत्रे खडखडायचे, दारं आपटायची आणि प्रत्येक आवाजाला मी दचकायची. मला वाटायचं, ही अहवालाची काळजी. काळजी होतीच. पण अहवालाच्या काळजीनं कोणी केसांना तेल लावायचं सोडून रोज धुवत नाही.

आणि मग तो शेडमध्ये गेला.

शीतयंत्रातला गॅस थोडाथोडा गळतो आणि हवेत गेला की धुरापेक्षा कितीतरी पटीनं घात करतो. वर्षभरात यंत्रात जेवढा भरावा लागला तेवढा गळला, असा हिशेब असतो. यंदा आम्ही नवा गॅस जवळजवळ घेतलाच नव्हता. म्हणून गळती जवळजवळ नाही, असं मी दिमाखात मांडलं होतं. माझा सगळा अहवाल त्या एका आकड्यावर उभा होता. थर्मासरावांनी मागच्या शेडमध्ये रिकाम्या सिलिंडरची रांग बघितली आणि ती कधी रिकामी झाली एवढंच विचारलं. यंदाच झाली होती. जुना साठा वापरून संपवला होता. दुकानात गेलो नाही म्हणजे साखर खाल्ली नाही, असं म्हणावं आणि घरातला डबा मात्र तळाला गेलेला असावा, तसली माझी चूक होती.

"आधी चहा पाजायचा आणि मग केसानं गळा कापायचा," मी त्याला म्हटलं. "छान पद्धत आहे तुमची."

"आकडा चुकलाय. तुम्ही नाही."

"माझाच आकडा आहे तो."

पुढचे काही दिवस मी त्याच्याशी फक्त कामापुरतं बोलले, तेही भिंतीकडे बघून. पण चूक ती चूक. एकेक सिलिंडर धरून मी नव्यानं हिशेब केला. गेल्या वर्षीपेक्षा घट राहिली, पण चिमूटभर. प्रसिद्धीप्रमुखांनी मला बोलावून प्रेमानं समजावलं की जुना आकडा दिसायला बरा होता. मी म्हटलं, दिसायला तुम्हीही बरे आहात. तिथून सुटले ती थेट गच्चीवर.

गच्चीवर यंत्रांचे पंखे घरघरत होते आणि तो तिथे तापमान तपासत होता. वाऱ्यानं माझी ओढणी त्याच्या हातातल्या उपकरणावर जाऊन पडली. त्यानं ती सोडवली... सावकाश, गरजेपेक्षा जास्तच सावकाश.

"तुम्ही आकडा दुरुस्त केलात," तो म्हणाला. "बहुतेक जण भांडतात."

"मीही भांडलेच की."

"हो. दोन्ही केलंत. म्हणूनच..." तो थांबला. "बैठक होऊ दे. मग मला तुमच्याशी बोलायचंय."

"आत्ता बोला."

"आत्ता बोललो तर मला हे काम सोडावं लागेल."

पंख्यांचा आवाज एकदम कमी झाल्यासारखं वाटलं. मी "बरं" म्हटलं आणि जिना उतरले. मी. बरं म्हटलं.

वहिनीला हे सांगितलं तेव्हा ती कपड्यांच्या घड्या घालायची थांबली. "तो 'मग बोलू' म्हणाला आणि तू ऐकून घेतलंस? कुकरच्या तिसऱ्या शिट्टीची वाट तुझ्याच्यानं बघवत नाही." पोटभर हसून झाल्यावर ती गंभीर झाली. मागाहून लोकांना कळलं तर काय म्हणतील, असं तिनं विचारलं. "म्हणतील, बाईनं तपासनीस पटवला आणि अहवाल पदरात पाडून घेतला. तुझा खरा आकडाही मग खोटा ठरेल, बघ."

बैठकीपर्यंत मी तेच घोळवत राहिले. जेवताना, दात घासताना, आरशासमोर साडीच्या निऱ्या पुन्हा पुन्हा मोडताना. गप्प राहिले तर खुर्ची मिळण्याची शक्यता होती. तो बोलणार, हेही ठरलेलं होतं. सगळं आपोआप पदरात पडणार होतं, फक्त तोंड मिटून ठेवायचं. पण सिलिंडर मोजून आणलेला तो एवढासा आकडा... जन्मात पहिल्यांदा मी काहीतरी अगदी खरं मांडत होते. त्यावर उद्या कोणी थुंकलं असतं तर मला सहन झालं नसतं. आणि त्या माणसावर कोणी बोट दाखवलं असतं तर त्याहून नाही.

बैठकीच्या सुरुवातीला अध्यक्षबाई एक वाक्य वाचतात. विषयपत्रिकेतल्या कोणत्याही विषयात कुणाचा हितसंबंध असल्यास त्यांनी तो सांगावा. आजवर कोणी सांगितलेला नाही. बाई ते वाक्य वाचतात आणि त्याच श्वासात पुढच्या विषयाकडे वळतात.

"माझा आहे," मी म्हटलं.

बाईंनी चष्म्यावरून बघितलं. टेबलाच्या टोकाला तो बसला होता. तो पांढराफटक पडला.

कशात, असं बाईंनी विचारलं.

"अहवालात. पडताळणी करणारे आहेत ना, त्यांच्यात." मी भरभर बोलत गेले, थांबले असते तर पुन्हा बोलता आलं नसतं. "त्यांनी काही केलेलं नाही. उलट माझा मोठा आकडा त्यांनी छोटा केला. ते एक अक्षर बोललेले नाहीत. जे काय आहे ते माझ्या बाजूनं आहे... आणि पुष्कळ आहे. आकडा खरा आहे. दुसऱ्या कुणाकडूनही तपासून घ्या."

कोणीतरी खोकलं. प्रसिद्धीप्रमुख पेनशी खेळत होते. अध्यक्षबाईंनी शेजारच्या दोघांशी कुजबुज केली आणि मग निर्णय सांगितला. पडताळणी रद्द. नव्यानं दुसऱ्या संस्थेकडून होईल. पदाची निवड तोवर लांबणीवर, आणि तोवर कार्यभार प्रसिद्धीप्रमुखांकडे. बोलताना त्यांचा सूर कडक नव्हता, पण निर्णय तो निर्णयच. माझी खुर्ची माझ्या डोळ्यांदेखत दुसऱ्याकडे गेली. रडू आलं, ते गिळलं. पण गेले कित्येक दिवस छातीत जी धावपळ चालली होती, ती मात्र तिथेच थांबली.

तेवढ्यात सचिवांनी घसा साफ केला. ते वयस्कर होते, आणि इतिवृत्तात चूक राहू नये याची त्यांना जिवापाड काळजी. "हितसंबंधाचा प्रकार लिहावा लागतो, मॅडम," ते अदबीनं म्हणाले. "आर्थिक की कौटुंबिक?"

"आर्थिक नाही," मी म्हटलं.

"मग कौटुंबिक?"

मी काय सांगणार होते? मघाशी एवढं बोलले, ते निम्म्या संबंधाबद्दल. बाकीचा निम्मा माझ्या हातात नव्हता. सगळं टेबल माझ्याकडे बघत होतं आणि माझे कान तापले होते.

"दोन्हींपैकी एक लिहावंच लागतं," सचिव म्हणाले.

टेबलाच्या टोकाला खुर्ची सरकली. तो उभा राहिला होता.

"कौटुंबिक लिहा," तो म्हणाला.

सचिवांचं पेन हवेतच राहिलं. माझी काही हरकत आहे का, हे विचारावं की न विचारावं, अशा पेचात ते माझ्याकडे बघत राहिले.

"लिहा ना," मी म्हटलं. "थांबलात कशाला?"