उजळ दिशा

पट्टकादंबांनी हिवाळ्यात कुठल्या तलावावर उतरायचं, हे त्या काळी पट्टकादंब ठरवत नसत. ते सुनीती हिवाळे ठरवत असे.

डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हे राखाडी हंस हिमालय ओलांडून येतात. एके काळी त्यांची पिल्लं आईबापांच्या मागून उडत वाट शिकत. पण म्हाताऱ्या पक्ष्यांना ज्या तलावांची वाट पाठ होती, ते तलाव एकेक करून आटले. थवेच्या थवे कोरड्या पात्रात उतरून मरू लागले, तेव्हा वाटेवर ठिकठिकाणी दिक्‌स्तंभ उभारले गेले. पक्ष्याच्या डोळ्यात एक प्रथिन असतं, त्यामुळे पृथ्वीचं चुंबकत्व त्याला जणू दिसतं. दिक्‌स्तंभ क्षीण रेडिओलहरी सोडून त्या दिसण्यात ढवळाढवळ करतो. एक दिशा किंचित उजळ भासते, आणि पक्षी तिकडे वळतो.

सुनीती पक्षिशास्त्रज्ञ होती, पण दुर्बीण तिने कित्येक वर्षांत उचलली नव्हती. पाण्याची पातळी, रोगाच्या बातम्या, वाऱ्याचे नकाशे आणि पक्ष्यांच्या पाठीवरच्या ट्रॅकरचे संकेत संगणकावर एकत्र मांडून ती उजळ दिशा ठरवायची. पट्टकादंब नामशेष झाले नाहीत, यात तिचा वाटा मोठा होता. ती थकली होती ते वेगळ्या कारणाने. जिथे थवा पाठवावा तिथले शेतकरी हरभरा फस्त झाला म्हणून येत. जिथे पाठवला नाही तिथले नाववाले पर्यटक आले नाहीत म्हणून येत. एका वर्षी तिने निवडलेल्या तलावावर रोगाची साथ आली आणि पडद्यावरचे ठिपके तिच्यासमोर विझत गेले. तेव्हापासून तिला झोप लागे, पण थकवा जात नसे.

निवृत्तीच्या वर्षी तिने ठरवलं, की आता हे ओझं ज्याचं त्याला परत द्यायचं. उत्तरेकडच्या वाटेवरचे तलाव पुन्हा भरले होते. वरिष्ठांची परवानगी काढून तिने वसंतात सगळे दिक्‌स्तंभ बंद ठेवले आणि थवा उतरला होता त्या सोनथडीच्या जलाशयावर जाऊन राहिली. तिथले सरपंच दादाराव मोकाटे यांचं शेत काठालाच होतं. पक्षी आता आपल्या मनाने जातील, हे ऐकून ते म्हणाले, जाऊ द्या एकदाचे.

ऊन वाढलं तसा थवा उठला. जलाशयावर मोठी गिरकी घेतली, आणखी एक घेतली, आणि होता तिथेच उतरला. दुसऱ्या दिवशी तसंच झालं, तिसऱ्या दिवशीही. वारा अनुकूल झाला की निघतील, असं सुनीती सगळ्यांना सांगत राहिली. वारा अनुकूल झाला. काठावरचं गवत वाळून गेलं. थंड प्रदेशातले ते पक्षी चोची उघड्या टाकून उथळ पाण्यात उभे राहू लागले, आणि सकाळी काठाला मेलेले पक्षी सापडू लागले.

दादाराव एका दुपारी तिच्या तंबूपाशी आले. पीक खाल्लं म्हणून ज्यांना हाकललं, त्यांच्यासाठी ते सावलीला पेंढा पसरून आले होते.

"मॅडम, का जाईनात हो ही?"

सुनीतीला उत्तर सापडलं होतं, पण ते तिने अजून कुणाला सांगितलं नव्हतं. हा पक्षी फार तर वीसेक वर्षं जगतो, ती म्हणाली. दिक्‌स्तंभ त्याहून जुने. ज्यांनी स्वतःच्या आठवणीने हिमालय ओलांडला होता, ते सगळे मरून गेले. पिल्लं आईबापांच्या मागे उडाली खरी, पण आईबाप उजळ दिशेच्या मागे उडत होते.

"म्हणजे शिकवणारंच कुणी राहिलं नाही?"

"नाही. मी वाट दाखवत राहिले आणि त्यांची वाट पुसली गेली."

दादारावांनी पाण्याकडे हात केला. "मग ही रानातली पाखरं कुठं राहिली, मॅडम? ही तुमच्या गोठ्यातली झाली."

संध्याकाळी तिने दिक्‌स्तंभ सुरू करायला सांगितलं. ऊन उतरताच थवा उठला आणि एकही गिरकी न घेता सरळ उत्तरेला गेला. दादारावांनी हात जोडले. सुनीतीला मात्र आनंद झाला नाही. इतक्या झटकन ते निघाले, याचीच तिला भीती वाटली.

ती शहरात, आपल्या खुर्चीवर परतली. थवा हिमालयाच्या पायथ्याशी पोचला तेव्हा नेहमीच्या खिंडीवर वादळ जमत होतं. पूर्वेची खिंड लांबची होती आणि उन्हाळ्याने खंगलेले पक्षी तेवढं उडतील याची खात्री नव्हती. तिने आकडे पुन्हा पुन्हा तपासले. ते कोणताच कौल देत नव्हते. शेवटी तिने पूर्व निवडली.

जुन्या काळच्या नोंदी तिने अभ्यासल्या होत्या. तेव्हा प्रत्येक थव्यातून काही पक्षी फुटून भलत्याच वाटेने जात. संशोधक त्यांना चुकार म्हणत. पण थव्यावर संकट आलं की मागे उरत ते हे चुकारच, आणि त्यांच्यामुळेच जात टिकत असे.

पडद्यावरचे ठिपके वळू लागले. एखादा तरी फुटतो का, हे ती श्वास रोखून बघत राहिली.

सगळे एकसाथ पूर्वेला वळले. एकही फुटला नाही.