एकोणिसावा तुकडा

बसा हो, बाहेर वारा सुटलाय, एवढ्यात कुठे निघालात? काम तुमचं साधंच आहे. खेळाची एक प्रत घ्यायची, जिल्ह्यातल्या बाकीच्या नर्सिंग कॉलेजांना वाटायची आणि चारच्या गाडीनं परत जायचं. प्रतीचं बोलू, आधी चहा होऊ द्या. आत येता येता तुम्ही म्हणालात, "दार उघडलं त्या आजी फार मायाळू आहेत." त्यांच्याबद्दल शेवटी सांगतो.

माझी तीस वर्षं इथल्या प्लेग प्रतिबंधक केंद्रात डॉक्टर म्हणून गेली. माळावरचे उंदीर पकडायचे, त्यांच्या अंगावरच्या पिसवा मोजायच्या. समुद्र आटला, गावातली माणसं निम्म्यावर आली, उंदीर मात्र होते तेवढेच राहिले. निवृत्त झाल्यावर कॉलेजनं वैद्यकाचा इतिहास माझ्या गळ्यात मारला. पोरं दहाव्या मिनिटाला पेंगायची. माझी लेक तोगझान अल्माटीत व्हिडिओ गेम बनवायची. सुट्टीला आली तेव्हा एक दिवस माझ्या तासाला मागच्या बाकावर बसली आणि घरी आल्यावर म्हणाली, "बाबा, तुम्ही शिकवत नाही, अंगाई म्हणता."

"मग तू शिकव," मी चिडून म्हणालो.

"शिकवते की. तुमची ती जुनी वही द्या मला."

ती वही मी केंद्राच्या अडगळीतून वाचवली होती. सन एकोणीसशे सव्वीसचा हिवाळा. एका फेल्डशरनं, म्हणजे गावोगाव फिरणाऱ्या अर्ध्या डॉक्टरानं, लिहिलेली. आपल्या लहान मुलीला बरोबर घेऊन तो एका वस्तीवर पोचला, तेव्हा तिथली अठ्ठ्याहत्तर वर्षांची म्हातारी नुकतीच गेली होती. लोकांनी रीतीप्रमाणे तिच्या डोईच्या पांढऱ्या वस्त्राचे तुकडे करून तेबेरिक म्हणून वाटले. तुम्हाला काय सांगायचं, तुमच्याही घरी पेटीत असतीलच. दीर्घायुषी माणसाचा तुकडा, त्याच्याएवढं आयुष्य आपल्याला लाभावं म्हणून. म्हातारी गेली होती प्लेगनं. एकोणीस तुकडे वाटले गेले, एकोणीस घरांत.

फेल्डशर घरोघरी फिरून ते जाळत सुटला. वहीत शेवटी लिहिलंय, "अठरा जाळले. एकोणिसावा कुठे आहे ते मला माहीत आहे." बस, एवढंच. त्यापुढची पानं कोरी. तीस वर्षं मी समजत होतो की त्या फेल्डशरनं आळस केला.

तोगझाननं खेळ झकास केला. खेळणारा फेल्डशर व्हायचा, बर्फातून तंबू-तंबू फिरायचा, तुकडे शोधून जाळायचा. अठरा जाळले की खेळ संपायचा. एकोणिसावा तिनं ठेवलाच नव्हता, कारण तो कुठे होता ते वहीत नव्हतं. पोरं टक्क जागी. मला तर आनंदानं रडू यायचं बाकी राहिलं होतं.

सोमवारी एर्मेक नावाचा पोरगा, वर्गातला सगळ्यात बोलघेवडा, हात वर करून म्हणाला, "सर, मला एकोणिसावा मिळाला. आजीनं दिला."

"कुठल्या आजीनं?" तोगझान मागच्या बाकावरून उठलीच.

"ती नाही का, शेवटच्या तंबूत उजवीकडे बसलेली? पांढरं डोईवस्त्र. 'माझ्याएवढा हो' म्हणाली."

तोगझाननं असली कुठलीच आजी काढलेली नव्हती. खेळ सुरू होतो तेव्हा म्हातारी मेलेली असते. पण मी वेगळ्याच गोष्टीवर भडकलो. "अरे गाढवा, महिनाभर घसा फोडून सांगतोय की तो तुकडा म्हणजे प्लेग! घेतलास कशाला?"

एर्मेक गोंधळून म्हणाला, "सर, आजी दोन्ही हातांनी देत होती. नाही कसं म्हणायचं?"

तुम्ही हसलात. मीही हसलो होतो.

मंगळवारी त्याला ताप भरला, काखेत गाठ आली. मी धावत दवाखान्यात गेलो. मीच नमुने घेतले, मीच तपासले. काही निघालं नाही. आमचा रोग मी बंद डोळ्यांनी ओळखतो, पण काचेवर एक जंतू दिसेना. औषधं दिली, ती अंगावरून पाण्यासारखी गेली.

बुधवारी वर्गात त्याच्याच संगणकावर अक्मारल खेळत होती. हुशार, कडक मुलगी. "सर, शेवटच्या तंबूत एक मुलगा निजलाय. त्याच्या मुठीत तुकडा आहे. मूठ उघडत नाही."

"मग?"

"मग तंबूच जाळते." आणि तिनं जाळला. एकोणिसाच्या एकोणीस! वर्गानं टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबल्या नव्हत्या तोच दवाखान्यातून फोन आला की एर्मेक गेला.

त्या दिवशीच मी खेळ बंद करायला सांगितलं. तोगझान म्हणाली, "आधी बघते तरी, ती म्हातारी आली कुठून." मी एर्मेकच्या मयतीला गेलो होतो. परत आलो तर ती संगणकासमोर मान खाली घालून बसलेली.

"घेतलास?" मी विचारलं.

"बाबा, ती हात पुढे करून थांबली होती… मी अर्धा तास तशीच ठेवली तिला. म्हातारं माणूस, हात थरथरत होते… किती वेळ ठेवायचं?"

मी तिच्यावर ओरडलो नाही. मी काय ओरडणार? लहानपणी थोरांनी दिलेलं दोन्ही हातांनी घ्यायला मीच तिला शिकवलं होतं.

रात्री ताप चढला. तिसऱ्या दिवशी तिला माणसं ओळखू येईनात. केंद्रातल्या माझ्या जुन्या सोबत्याला फोन केला, तर म्हणाला, "खेळातून ताप? अरे, तू जरा विश्रांती घे." नमुने स्वच्छ. आयुष्यभर ज्या रोगाशी झुंजलो तो माझ्या घरात निजला होता, आणि मी नुसता ओल्या फडक्याच्या घड्या करत बसलो होतो.

दुपारी मी तिचा संगणक उघडला. मला खेळता येत नाही. आडवा-तिडवा जात शेवटच्या तंबूशी पोचलो. म्हातारी नव्हती. आत गोधडीखाली एक मुलगी निजली होती, मूठ मिटलेली. ती खोकली, आणि त्याच क्षणी पलीकडच्या खोलीत तोगझान खोकली. पुन्हा ती. पुन्हा तोगझान. धुराचा वास येत होता, खेळाला कधी वास असतो का? माझ्या हातात, म्हणजे त्या फेल्डशरच्या हातात, पेटता पलिता होता. पडद्यावर खाली एकच शब्द उमटला होता: जाळा.

डॉक्टर म्हणून मला माहीत होतं काय करायला हवं. वर्गात तीनशे वेळा शिकवलंय. एक जाळायचा, म्हणजे वस्ती वाचते… एकोणिसावा कुठे होता ते मला त्या क्षणी कळलं. त्यानं आळस केला नव्हता. त्याची पोर होती ती.

मी पलिता बर्फात टाकला.

तासाभरात तोगझानचा ताप उतरला. घाम फुटला, तिनं डोळे उघडले, चहा मागितला. मी तिच्या पायांशी डोकं ठेवून लहान पोरासारखा रडलो. तिनं माझ्या केसांतून हात फिरवला आणि म्हणाली, "रडू नकोस, बाळा."

त्याला आता पाच आठवडे झाले. तिनं त्यानंतर संगणकाला हात लावलेला नाही. दिवसभर दारापाशी उजवीकडे बसते. मी रोज काडेपेटी खिशात घालून तिच्या खोलीपर्यंत जातो आणि परत येतो. दूधवाली आली, तिला तिनं दारातच काहीतरी दिलं. डाकेची बाई आली, तिलाही. दोघींच्या घरी मी दुसऱ्या दिवशी गेलो, नमुने घेतले. स्वच्छ. दोघी गेल्या.

तुम्हाला दारातच थांबवायला मी उठलो होतो. पण माझे गुडघे, आणि तो लांब बोळ… मी पोचेपर्यंत तुम्ही दोन्ही हात पुढे केले होते. कपाळाला लावलंत ना? वाटलंच. कोटाच्या आतल्या खिशात ठेवलंत, जपून.

तुम्ही आजी म्हणालात म्हणून सांगतो. या घरात आम्ही दोघंच राहतो. मी आणि माझी लेक. येत्या वसंतात तिला एकोणतिसावं लागेल.