नाळेवरचे दोन टवके

"सुनीतीताई, धाव! पुन्हा पडले!"

धाकट्या भावाची, मधूची, आरोळी कानी पडताच सुनीती पुळणीवरून धावत सुटली. मागोमाग तिची मैत्रीण बाबली.

मत्स्यखात्याची पांढरीशुभ्र होडी आचऱ्याच्या खाडीकाठी ओंडक्यांवर विसावली होती. लाकडाची नव्हे, चक्क फायबरची! अशी होडी या गावाने पूर्वी पाहिलीच नव्हती. कुडाळहून दिवाळीच्या सुट्टीत आजोळी आलेल्या या भावंडांना तर तिने वेडच लावले होते. परंतु खडकावर आदळून तिच्या नाळेवरचे, म्हणजे पुढच्या टोकावरचे, दोन टवके उडाले होते. कारागीर भिकाजीराव ते खळगे जेलकोट नावाच्या दाट पांढऱ्या लेपाने भरीत, आणि दुसऱ्या सकाळी तो लेप वाळलेल्या खपलीसारखा वाळूत पडलेला सापडे!

"हे त्या हरिश्चंद्राचेच काम!" भिकाजीराव कमरेवर हात ठेवून गरजले. "जन्म गेला लाकडी होड्यांवर. ही नवी त्याच्या डोळ्यांत खुपते. उद्या खात्याचे जयरामसाहेब येताहेत. स्पष्ट सांगणार, असला तांडेल खात्याला नको!"

हरिश्चंद्र म्हणजे बाबलीचे वडील. होडी चालवणाऱ्या खलाशांचा प्रमुख, म्हणजे तांडेल, म्हणून खात्याने त्यांना नुकतेच नेमले होते.

"माझो बाबा असा कदीच करूचो नाय!" बाबली उसळून म्हणाली.

सुनीतीने पडलेली एक खपली उचलली, उलटी केली आणि नाकाशी नेली. पाठीमागची बाजू तेलकट होती! बाबलीने वास घेतला मात्र, तिचा चेहरा उतरला.

"हो उंडीच्या बियांच्या तेलाचो वास. आमच्या घरात असता तसलो."

"काका," सुनीती नम्रपणे म्हणाली, "याला तेल लागलंय. लेप भरण्यापूर्वी खळगे धुऊन पाहता का?"

"वा! आता शाळकरी पोरी मला शिकवणार! मी चहा घेऊन येतो. तोवर होडीला बोट लावाल तर याद राखा!"

भिकाजीराव दिसेनासे झाले. मुले जाळ्यांच्या ढिगाआड बसून विचार करू लागली, तोच पुळणीवर पावले वाजली. हरिश्चंद्र आले. त्यांच्या हातात करवंटी होती. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, नाळेला स्पर्श करून हात कपाळी लावला आणि करवंटीत बोट बुडवून दोन्ही खळग्यांत हळुवारपणे तेल चोळले. एखाद्या बालकाच्या गुडघ्याला आईने लावावे, तसे!

"बरी हो गो बाये, बरी हो," ते पुटपुटले आणि आल्या वाटेने परतले.

"म्हणजे माझ्याच बाबान..." बाबली रडवेली झाली.

"वेडी का काय! ते मोडत नाहीत गं, औषध लावताहेत! त्यांना कुठे ठाऊक की तेलावर जेलकोट धरत नाही!" सुनीती म्हणाली.

"मग सांगूया तर त्यांका!"

"आत्ता सांगितलं तर ते तेल लावायचं थांबतील, लेप टिकेल, आणि भिकाजीकाका म्हणतील, पकडला गेला म्हणून थांबला. साहेबांना डोळ्यांनी दिसायला हवं. आपण डावा खळगा धुऊ. उजवा तसाच ठेवू."

"मथुरामामीने अभ्यंगस्नानाला रिठे भिजवलेत!" मधूचे डोळे चमकले. "पण मामी केस कशाने धुणार?"

"शिकेकाईने! पळ!"

रिठ्याच्या फेसाने तिघांनी डावा खळगा पुनःपुन्हा घासला, गोड्या पाण्याने धुतला, फडक्याने टिपून उन्हात कोरडा होऊ दिला आणि काचकागदाने खरखरीत केला. भिकाजीराव आले. त्यांनी खळग्यांकडे नीट पाहिलेसुद्धा नाही. गाणे गुणगुणत दोन्हींत लेप थापला आणि निघून गेले!

दुसऱ्या सकाळी जयरामसाहेब आले, तेव्हा मुले आधीच होडीपाशी उभी होती. उजवा लेप वाळूत पडला होता.

"पाहा साहेब! पुन्हा काढला त्याने!"

"साहेब," सुनीती धीर करून पुढे झाली, "काढणाऱ्याने एकच का काढला? दुसरा का सोडला?"

साहेबांनी डावा लेप किल्लीने ठोकला. टक्! टक्! तो जागचा हलला नाही. मग सुनीतीने सारी हकीकत सांगितली. साहेब तिथेच उभ्या असलेल्या हरिश्चंद्रांकडे वळले. बाबलीने वडिलांचा हात घट्ट धरला.

"होय साहेबानू, तेल मीच लावतंय," हरिश्चंद्र मान खाली घालून म्हणाले. "पण तुकडो मी काढूक नाय. लाकडी होडयेक मार लागलो की तेल पाजूचाच लागता. हिका तशीच उघडी कशी ठेवू?"

मग साहेब खळखळून हसले!

"तांडेल, होडीवर एवढी माया करणारा माणूस मी घालवीन होय? ती तुमच्याच हाती राहील. आणि भिकाजीराव, जागा स्वच्छ आणि कोरडी हवी, हा तर तुमच्या कामाचा पहिला धडा! या मुलांनी तो स्वतःहून शोधला."

बाबली एकाच वेळी हसली आणि रडली. भिकाजीराव ओशाळले. "पोरांनो, आणखी रिठे मिळतील का रे?" त्यांनी हळूच विचारले.

रिकामे भांडे घेऊन मुलांना रागे भरायला आलेल्या मथुरामामींनी हे ऐकले. त्या म्हणाल्या, "माझे केस राहिले तर राहू देत! रिठे सत्कारणी लागले. शाबास, पोरांनो!"

"पण ह्या तेलाचा मी काय करू?" हरिश्चंद्रांनी करवंटी पुढे केली.

"वल्ही लाकडाचीच आहेत की, तांडेल!" साहेब म्हणाले.

उजवा खळगाही धुऊन भरला आणि लेप पक्का बसल्यावर होडी पाण्यात लोटली गेली, तेव्हा तिन्ही मुले आत मानाने बसली होती. वल्ही तेलाने तुकतुकीत झाली होती. चढण्यापूर्वी हरिश्चंद्रांनी आपले दोन्ही तळवे पंच्याला पुसपुसून कोरडे केले, आणि मगच नाळेवर हात ठेवला.

"बरी झालंस गो बाये!"