‘आम्ही’ म्हणजे नक्की कोण?

“कठीण परिस्थितीतही मी शांत राहते…” ती चष्म्याच्या दुकानातल्या आरशाला समजावत होती, तेवढ्यात आरशात मागून एक चेहरा उगवला.

“राहत असाल. पण फ्रेमची चिठ्ठी तुमच्या नाकावर लोंबतेय.”

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चष्मेवाला मात्र गालातल्या गालात हसत होता. मग तिने सांगूनच टाकलं – पुढच्या आठवड्यात मोठ्या इस्पितळात मुलाखत आहे, नोंदणी विभागाच्या प्रमुखाची जागा. तिथे म्हणे पुस्तकी काही विचारत नाहीत, ‘एखादा प्रसंग सांगा’ म्हणतात. आणि प्रसंग म्हटला की हिची दातखीळ बसते!

“मी विचारू?” काच पुसत तो म्हणाला. “दुपारी इथे माशीही फिरकत नाही.”

दुसऱ्या दिवशी ती आली… तिसऱ्या दिवशीही. तो भुवया ताणून साहेबी थाटात विचारायचा, “अचानक गोंधळ उडाला, तेव्हा काय केलंत?”

“जुन्या इस्पितळात एकदा सकाळी संगणक बंद पडले. रांग पार फाटकाबाहेर. आम्ही हाताने चिठ्ठ्या लिहिल्या, म्हाताऱ्या माणसांना आधी बसवलं–”

“चिठ्ठ्या कुणी लिहिल्या?”

“मी.”

“बसवलं कुणी?”

“…मीच.”

“मग हे ‘आम्ही’ म्हणजे नक्की कोण? राजघराणं?”

ती खळखळून हसली. त्याचा हातातला चष्मा सुटता सुटता वाचला.

पण एका प्रश्नावर ती अडलीच. मधली दोन वर्षं नोकरी का नव्हती?

“वैयक्तिक कारण,” ती खाली बघत म्हणाली.

त्याने काच पुसायचं फडकं बाजूला ठेवलं. तिच्यापुढे स्टूल सरकवलं. मग तीच हळूहळू बोलू लागली – आईचं अंथरुणाला खिळणं, दादा-वहिनी कामावर, तिने घेतलेला राजीनाम्याचा निर्णय… आणि ज्या दिवशी आई भिंतीला न धरता स्वयंपाकघरापर्यंत चालत आली, तो दिवस.

“हे लपवत होतात?” त्याने विचारलं. “मी मुलाखत घेणाऱ्यांच्या जागी असतो, तर पुढचं काही विचारलंच नसतं.”

मुलाखतीत तिने तेच सांगितलं. जसं घडलं तसं.

दोन दिवसांनी भर दुपारी ती धावतच दुकानात शिरली. श्वास मावत नव्हता.

“झालं! मिळाली! तुमचे आभार कसे मानू–”

“आईला सांगितलंत?”

“अजून नाही… आधी इथेच आले.”

बोलून गेल्यावर तिला आपलंच बोलणं ऐकू आलं. कानाच्या पाळ्या तापल्या. तो टेबलावरच्या फ्रेमा उगाच सरळ करत राहिला.

“आभार मी मानायचे,” अखेर तो म्हणाला. “दुपार कधी होते याची वाट बघायला लागलो होतो मी. नोकरी मिळाली की तुम्ही यायच्या बंद व्हाल, या धास्तीने कालपासून जेवण जात नाहीये.”

“मग बंद नाही होणार.” ती हलकेच म्हणाली. “फक्त हे अहो-जाहो आता पुरे. चल, आईला सांगायला तूही चल.”

त्याने शटर ओढलं. घाईघाईत कुलपात किल्ली उलटीच घातली, शेवटी ती तिनेच फिरवली.